हुंडीपासून मोबाइलपर्यंत : पैसा पाठवण्याची किंमत

मंडळी, उन्हाळ कांदा निघाला की कळवणच्या बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग लागते. लिलाव होतो, काटा होतो, हिशोबपट्टी हातात पडते. मग व्यापाऱ्याचा दिवाणजी विचारतो, "पैसे कसे घेता? रोख, चेक, की खात्यावर?" आपण घाईत असतो. घरी जायचे असते, मजुरांचे द्यायचे असते. तोंडाला येईल ते उत्तर आपण देऊन टाकतो. पण हा प्रश्न घाईने उत्तर देण्यासारखा नाही.

पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जायचा म्हणजे त्याला खर्च हा आलाच. हा खर्च तीन प्रकारचा असतो. पहिला उघड खर्च, म्हणजे कोणी कमिशन घेईल ते. दुसरा मोडलेल्या दिवसाचा खर्च : गाडीभाडे, बुडालेला रोज, रांगेतला वेळ. आणि तिसरा जोखमीचा : पैसा वाटेत बुडाला तर कोणाचा बुडाला? मागच्या दोन-अडीचशे वर्षांत हे तीन खर्च कसे बदलत गेले, ते आज थोडक्यात पाहू.

पेशवाईच्या काळी लांबच्या गावी रक्कम पाठवायची तर नाणी बैलावर लादून न्यावी लागत. वाटेत लुटारूंचे भय. शिवाय नाणे तरी एक कुठे होते? आपल्या शेजारच्या चांदवडला होळकरांची टांकसाळ होती, तिथला तो चांदवडी रुपया. दुसरीकडे अंकुशी रुपया, तिसरीकडे मल्हारशाही. एका पेठेचा रुपया दुसऱ्या पेठेत द्यायचा तर सराफ त्यावर बट्टा कापून घेई. कंपनी सरकारने १८३५ साली सर्व मुलखासाठी एका वजनाचा रुपया ठरवला, तेव्हा कुठे ही कटकट हळूहळू कमी झाली.

या अडचणीवर व्यापाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे हुंडी. नाशिकच्या व्यापाऱ्याला पुण्यास हजार रुपये द्यायचे आहेत. तो नाशिकच्या सावकाराकडे रक्कम भरतो. सावकार पुण्याच्या आपल्या आडत्याच्या नावे चिठ्ठी लिहून देतो. पुण्यात ती दाखवली की रक्कम मिळते. नाणी जागची हलतच नाहीत, फक्त कागद प्रवास करतो. दाखवताच पैसे मिळाले तर ती दर्शनी हुंडी, ठराविक दिवसांनी मिळाले तर मुदती. पेठेतल्या पतदार माणसालाच द्यायची ती शहाजोग. आकडा कोणी खोडून वाढवू नये म्हणून 'रुपये शंभर, निमे पन्नास, त्याची दुप्पट' अशा रीतीने तो फिरवून लिहीत. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत देत, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. चोरट्याला सापडेल असे काही नको आणि हरवले तरी मालक बुडू नये, ही दोन्ही कामे आपल्या लोकांनी नुसत्या कागदावर साधली होती.

सावकारांची ही डाक किती तत्पर होती, याचा एक दाखला तुम्हाला ठाऊक असेल. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर घात झाला. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ती बातमी एका सावकाराच्या जासुदाकडच्या पत्रातून कळली.

मात्र हुंडी ही पतवाल्याची सोय होती. कुणब्याला तिचा उपयोग नव्हता. त्याची रक्कम लहान, त्याला ओळखणारा सावकार एकच, आणि तोही बहुधा त्याचा घेणेकरी. त्याचा पैसा कमरेच्या कशातूनच फिरला. पुढे १८६१ च्या कायद्याने सरकारी नोटा आल्या, पण त्याही सुरुवातीला आपापल्या मंडळापुरत्याच हक्काने चालत. टपालाने नोट पाठवणारे लोक ती मधोमध कापत. आधी अर्धी पाठवायची, ती पोचल्याचे पत्र आले की उरलेली अर्धी! जोखीम टाळण्यासाठी माणूस काय काय करतो पाहा.

गरिबाची खरी सोय झाली ती १ जानेवारी १८८० पासून. त्या दिवशी मनीऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले. मुंबईच्या गिरणीतला कामगार चार रुपये पाठवायचा आणि ते पोस्टमन उंबऱ्यावर आणून मोजून द्यायचा. खालच्या कुपनावर दोन ओळींचा मजकूर असे. तो पोस्टमननेच वाचून दाखवायचा आणि घरच्यांनी ऐकायचा. घेणाऱ्याला सही येत नसली तर साक्षीदारासमोर अंगठा. इथे दिवस मोडत नव्हता आणि जोखीम सरकारची होती. पण उघड खर्च मात्र जड होता. अखेरच्या वर्षांत दर वीस रुपयांना एक रुपया कमिशन पडे. म्हणजे हजाराला पन्नास, आणि पाच हजाराला अडीचशे! शिक्षक मंडळींनी हा हिशोब मुलांकडून जरूर करून घ्यावा, शेकडा पाच म्हणजे काय ते लगेच समजेल. जुन्या पद्धतीची ही कागदी मनीऑर्डर एप्रिल २०१५ मध्ये बंद झाली.

मग बँका कुठे होत्या? शहरात होत्या. गोरवाला समितीने ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली, धनंजयराव गाडगीळ तिचे एक सभासद. १९५४ च्या अहवालात आढळले ते असे की, शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून शेकडा तीनच्या आसपास येते आणि सत्तरच्या आसपास सावकाराकडून. त्यानंतर १९५५ साली स्टेट बँक झाली, १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, जिल्हा बँका आणि सोसायट्या वाढल्या. गावाला खाते मिळाले. खात्याबरोबर चेकही आला. चेकला उघड खर्च नाहीसारखाच, पण तो वटेपर्यंत धीर धरावा लागतो, आणि न वटला तर?

नोव्हेंबर २०१६ मध्ये हा अनुभव नाशिक जिल्ह्याने घेतला. आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चौदा तारखेला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. ज्या बँकेत गावाचे खाते, तिथलाच हा व्यवहार थांबला. बाजार समित्यांतून रोखीऐवजी चेक दिले जाऊ लागले. कोणाचे वटायला आठवडे लागले, कोणाचे परत आले. म्हणून कायदा ठाऊक हवा. खात्यात रक्कम नसल्याने चेक परत येणे हा १९८९ पासून गुन्हा आहे. पण बँकेकडून तसे कळल्यापासून तीस दिवसांच्या आत देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. 'देतो, देतो' म्हणत महिना गेला की हातातले हत्यार बोथट होते. चेकची मुदतही तारखेपासून तीनच महिन्यांची असते.

आता खात्यावरून खात्यावर. २००५ पासून एन.ई.एफ.टी. आहे आणि डिसेंबर २०१९ पासून ती रात्रंदिवस चालते. बचत खातेदाराने मोबाइलवरून केली तर फुकट. शाखेत जाऊन केली तर दहा हजारांपर्यंत कमाल अडीच रुपये, लाखापर्यंत पाच, दोन लाखांपर्यंत पंधरा, त्यापुढे पंचवीस, आणि वर कर. म्हणजे लाख रुपये पाठवायला मोबाइलवर काही नाही आणि शाखेत पाच रुपये. पण शाखेची वाट दूर असेल तर पाच रुपयांच्या मागे शंभर रुपये भाडे आणि एक रोज जातो. खरा खर्च तो आहे.

२०१६ साली यू.पी.आय. आले आणि चहाच्या टपरीवरही चौकोनी ठिपक्यांचा कागद लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात देशभर दोन हजार कोटींवर व्यवहार त्यातून झाले. साधा बटणाचा फोन असणाऱ्यांसाठीही २०२२ पासून त्याची सोय आहे. खात्यातून दिलेल्या रकमेला ग्राहकाला आकार नाही, आणि जानेवारी २०२०पासून दुकानदारालाही नाही. तुम्ही म्हणाल, मग हे चालते कोणाच्या पैशाने? बँका सोसतात आणि काही भार सरकार उचलते. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने लहान दुकानदारांच्या व्यवहारांसाठी सुमारे दीड हजार कोटींची योजना मंजूर केली, ती याचसाठी.

म्हणजे उघड खर्च गेला आणि दिवसही मोडत नाही. पण तिसरा खर्च, जोखमीचा, तो कुठे गेला? मंडळी, तो आपल्या खिशात आला. हुंडीच्या वेळी तो सावकाराचा होता, मनीऑर्डरच्या वेळी टपाल खात्याचा. आता आपणच गुप्त आकडा कोणाला सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपलेच. आपला दोष नसताना, बाहेरच्या कोणी केलेल्या लबाडीने पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर मात्र रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाने ग्राहकावर भार नाही.

म्हणून तीन गोष्टी गाठीला बांधा. पैसे घेताना गुप्त आकडा कधीच लागत नाही. जो मागतो तो घ्यायला आला आहे, द्यायला नव्हे. दुसरी, समोरच्याच्या फोनवरचे हिरवे चित्र म्हणजे पावती नव्हे. आपल्या खात्यात जमा दिसले तरच माल हलवा. आणि तिसरी, कोणाच्या यंत्रावर अंगठा ठेवायचा असेल, तर आधी रक्कम वाचून घ्या आणि नंतर कागद मागा. फसगत झालीच तर लाजू नका, लगेच १९३० या क्रमांकाला आणि बँकेला कळवा.

घरात म्हातारी माणसे असतात. त्यांचा फोन नातू हाताळतो. पूर्वी कुपन पोस्टमन वाचून दाखवी, तसे आज नातवाने वाचून दाखवावे. आकडा मात्र आजीचा आजीपाशीच राहू द्यावा. गुरुजींनी वर्गात एवढे शिकवले तरी गावाचे पुष्कळ पैसे वाचतील.

पुढच्या हंगामात दिवाणजी विचारील, "पैसे कसे घेता?" तेव्हा आधी मनाशी तीन खर्च मोजा, हिशोबपट्टी जपून ठेवा, आणि मग उत्तर द्या. नमस्कार.