उसण, सुई आणि साखरसम्राट

माणसाच्या दुखण्यांचे मुख्य प्रकार दोन. एक्स-रेत दिसणारी आणि न दिसणारी. पहिल्या प्रकाराला मोसंबी येतात, नातेवाईक येतात, रजाही मंजूर होते. दुसऱ्याला फक्त सल्ले येतात. मान धरणे, खांद्यात गोळा येणे, पाठीत चमक मारणे आणि उसण भरणे ही मंडळी या दुसऱ्या, बेवारस वर्गातली. आमच्या बँकेच्या भाषेत बोलायचं तर ही व्हाउचर नसलेली नोंद. रक्कम खरी, पण कागद नाही. तेव्हा मानतो कोण?

पूर्वीच्या कारकुनाची मान लेजरवर वाकायची, आमची कॉम्प्युटरपुढे वाकते. बँकांचं संगणकीकरण झालं, मानांचं राहून गेलं. म्हणून या बेवारस वर्गाच्या इतिहासात मी जरा लक्ष घातलं.

उसणीवर आपल्याकडचा जुना इलाज म्हणजे पायाळू माणूस. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीत लाथ घातली की उसण पळते, अशी समजूत. या उपचाराला फी नाही, पावती नाही, आणि ‘पुन्हा दाखवायला या’ असं सांगितलं तर पेशंट येत नाही. त्याखेरीज बिब्बा होता, डागणी होती, वैदूची तुंबडी होती. यातल्या तुंबड्या पुढे वैद्यकातून निघून सार्वजनिक जीवनात गेल्या आणि तिथे त्या भरू लागल्या.

सिद्धेश्वरला बदलून आलो तेव्हा या वर्गाचे सभासद केवढे आहेत ते कळलं. इथलं पूर्णेवरचं धरण १९६८ सालचं. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. येलदरीने पाणी साठवायचं आणि सिद्धेश्वरने ते कालव्यात सोडायचं. पाणी आलं तशी पिकं आली. आज हिंगोली जिल्हा हळदीसाठी ओळखला जातो. पण हळद काही उभ्याने निघत नाही. लावायची वाकून, खुरपायची वाकून, वेचायची वाकून. कालव्याच्या नकाशात हे वाकणं कुठे दाखवलेलं नाही.

एकदा पैसे काढायला आलेल्या एक मावशी अंगठा लावताना कळवळल्या. खांद्यापासून मनगटापर्यंत कळ.

“डॉक्टरला दाखवलं का मावशी?”

“दावलं की सायेब. फोटू काढला. त्यात कायबी निघंना. आता सून म्हंती, सासूला कामाचा कटाळा आलाय.”

बघा, फोटो कोरा निघाला आणि दुखण्याबरोबर मावशींची अब्रूही गेली.

खांदा दुखतो आणि कळ मनगटात, याला सूनबाई नाटक म्हणतात. पण १९३८ साली लंडनमध्ये केलग्रेन नावाच्या डॉक्टराने नेमकं हेच नाटक प्रयोगशाळेत करून पाहिलं. स्नायूंत खारट पाणी टोचायचं आणि कळ कुठे उठते ते लिहून ठेवायचं. टोचलं एकीकडे आणि दुखलं भलतीकडे, असं पुन्हा पुन्हा झालं. स्नायूची कळ प्रवास करते, हे व्हाउचर तेव्हा तयार झालं.

पुढे न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या प्रवासाचे नकाशेच काढले. स्नायूत ताठरलेला पट्टा, त्यात बोटाला लागणारी गाठ, ती दाबली की दूरवर जाणारी कळ. या बाईंनी केनेडींच्या पाठीवर उपचार केले आणि १९६१ साली त्या व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या. त्या गाठीत औषध टोचत. १९७९ साली प्रागच्या कारेल लेविट यांनी प्रसिद्ध केलं की औषध नसलं तरी चालतं, गुण सुईचाच आहे. २४१ रोगी, ३१२ दुखऱ्या जागा, आणि नेम बरोबर बसला तेव्हा शेकडा ८६.८ ठिकाणी लगेच आराम. औषध नाही म्हणून ती कोरडी सुई. गाठीत शिरली की स्नायू एकदा टुणकन उडतो आणि मग सैल पडतो.

मात्र सुईला दरवेळी यश येतं असं समजू नका. सर विल्यम ऑस्लर या थोर वैद्याने १८९२च्या आपल्या ग्रंथात कंबरदुखीवर बायकांच्या टोपीला लावायच्या तीन-चार इंची सुया टोचण्याची शिफारस केली होती. त्यांच्या चरित्रात नोंद आहे, की माँट्रियलचे साखर कारखानदार पीटर रेडपाथ त्यांच्याकडे कंबर घेऊन आले. प्रत्येक सुईला साखरसम्राटांनी एकेक शिवी हासडली आणि शेवटी होती तीच कंबर धरून ते निघून गेले. ऑस्लरना वाटलं होतं, आराम पडला तर कॉलेजला दहा लाखांची देणगी मिळेल. साखरसम्राट, कॉलेज आणि देणगी ही त्रिवेणी आपल्याच मातीतली, असा माझा आजवर समज होता.

सुईचा दुसरा रस्ता पूर्वेकडून येतो आणि त्यावर आपलं सोलापूर लागतं. १९३८ सालीच पाच भारतीय डॉक्टर युद्धग्रस्त चीनला गेले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तिथेच राबून १९४२ साली, बत्तिसाव्या वर्षी वारले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला. परत आलेल्या डॉ. बसूंनी पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून घेतलं आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्याचा पाया घातला. महाराष्ट्राने २०१५ साली त्याचा स्वतंत्र कायदाही केला.

या दोन सुयांत सध्या भाऊबंदकी आहे. सुई तीच, सातबारा वेगळा. एक म्हणते माझ्या जागा प्राचीन, दुसरी म्हणते माझ्या गाठी बोटाला लागतात. १९७७ साली मेलझॅक आणि सहकाऱ्यांनी दोघींच्या जागा ७१ टक्के जुळतात असं मांडलं. म्हणजे फर्स्ट क्लास! पुढे दुसऱ्यांनी पेपर फेरतपासणीला काढला आणि मार्क बरेच खाली आले.

आजचा हिशेब असा : कोरड्या सुईने काही दिवस, काही आठवडे दुखणं कमी होतं याला बऱ्यापैकी पुरावा आहे, पुढचा भरवसा कमी. खांद्याच्या वरच्या अंगाला चुकीची टोचली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, म्हणून काम शिकलेल्या हाताचंच. आणि सुई गाठ सोडवील, पण उद्या पुन्हा हळद वेचायला वाकलं की गाठ पुन्हा हजर.

पण या सगळ्या इतिहासात मला सुईपेक्षा तिच्या आधी येणारं बोट मोलाचं वाटतं. फोटो कोरा असताना ते पाठीवरून फिरतं, एका जागी थांबतं आणि विचारतं, “इथंच ना?” मावशींना पहिला आराम तिथेच पडेल. सुनेला मात्र त्या वेळी शेजारी उभी करायला हवी. व्हाउचरवर साक्षीदाराची सही लागते.