होगार्डनचा दूधवाला

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींत 'बेल्जियन विट' आता सर्रास मिळते. त्यात मध घालणारेही निघालेत आणि त्यावर नाक मुरडणारे शुद्धतावादीही. त्यांना माझं एवढंच सांगणं: शुद्धतेचा तो नियम बव्हेरियाचा. तिथे १५१६ च्या फर्मानाने बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच ठेवलं. बेल्जियमला असलं बंधन नव्हतं. तिथे मोड न आणलेला गहू वापरायचे, वर धने आणि संत्र्याची साल. मध त्याच पंगतीत बसतो. (गोडमिट्ट होईल ही भीती नको. मधातली बहुतेक साखर यीस्टच खाऊन टाकतं, मागे उरतो तो वास.)

पण ही बिअर एकदा मेली होती, हे किती जणांना ठाऊक आहे?

होगार्डन हे बेल्जियमच्या डच भाषक भागातलं छोटं गाव. एकेकाळी तिथे तीसच्या वर ब्रुअरी होत्या. १९५७ मध्ये शेवटची, तोम्सिनची, बंद पडली. पिएर सेलिस तिच्या शेजारीच वाढला, पोरवयात तिथे हाताखाली राबला. धंद्याने दूधवाला. १९६६ च्या सुमारास या माणसाने आठवणीच्या जोरावर ती बिअर पुन्हा करायला घेतली, आणि चालली की हो!

१९८५ मध्ये ब्रुअरीला आग लागली. विमा अपुरा. मोठी कंपनी पैसे घेऊन धावून आली, अर्थात हिस्सा घेऊनच. पुढे खर्च वाचवण्यासाठी कृती बदलायचा दबाव आला, असं सेलिस सांगत. ते सगळं विकून अमेरिकेत ऑस्टिनला गेले, १९९२ मध्ये नवी ब्रुअरी काढली. तीही 'मिलर' कंपनीने घेतली आणि काही वर्षांत बंद केली.

खरी लढाई मात्र गावात झाली. २००५ मध्ये 'इनबेव्ह'ने होगार्डनचा कारखाना बंद करून उत्पादन फ्रेंच भाषक भागातल्या जुपिलला हलवायचं जाहीर केलं. कामगार आणि गावकरी रस्त्यावर उतरले. नाव आमच्या गावाचं आणि बिअर भलतीकडे? हा राग आपल्याला समजावून सांगायला नको. त्यात जुपिलला ती चवही नीट जमेना. २००७ मध्ये कंपनीने निर्णय मागे घेतला. सेलिस २०११ मध्ये गेले, तेव्हा गावातला कारखाना चालू होता. मालक मात्र गावचा नव्हता.