देव नाही असं धरलं तरी : ग्रोशियस ते बोनहोफर

'सेक्युलर' या शब्दाला मराठीत आपण इहवादी म्हणतो, धर्मनिरपेक्ष म्हणतो, काही जण निधर्मीही म्हणतात. या सगळ्यांमागे एक समजूत असते, की हा विचार धर्माबाहेरच्या माणसांनी धर्माविरुद्ध उभा केला. आज या समजुतीची थोडी तपासणी करू. त्यासाठी दोन ख्रिस्ती विचारवंत घेऊ. दोघांनीही तुरुंग पाहिला, आणि त्यांच्या लिखाणात 319 वर्षांचं अंतर आहे.

पहिला ह्युगो ग्रोशियस, डच कायदेपंडित. देवाची कृपा आणि माणसाची इच्छा यांविषयीच्या वादात त्याचा पक्ष हरला आणि 1619 मध्ये त्याला जन्मठेप झाली. 1621 मध्ये बायकोच्या युक्तीने तो पुस्तकांच्या पेटीत बसून किल्ल्यातून निसटला आणि पॅरिसला पोचला. तिथे 1625 मध्ये युद्ध आणि शांतता यांच्या कायद्यावरचा त्याचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हा युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं होतं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोघांच्याही हातात बायबल. मग कायद्याचा आधार बायबल म्हटला, तर कोणी लावलेल्या अर्थाचं बायबल?

ग्रोशियसने प्रस्तावनेत मांडलं, की देव नाही असं क्षणभर धरलं, तरी निसर्गाचा कायदा काही प्रमाणात लागू राहीलच. असं धरणं हे घोर पाप, हेही त्याने लगेच जोडलं. माणूस पूर्ण श्रद्धाळू. ख्रिस्ती धर्माच्या सत्यतेवर त्याचं वेगळं पुस्तक आहे. मध्ययुगातल्या काही पंडितांनीही अशी मांडणी केली होती. पण ग्रोशियसच्या काळात ती निकडीची झाली. परस्परांचा धर्म न मानणाऱ्या दोघांना एका करारावर सही करता यावी, ही ती निकड.

पुढच्या शतकांत ही रीत कायद्यापुरती राहिली नाही. ग्रहांच्या गती, रोगांची कारणं, जीवांची उत्पत्ती, एकेक प्रश्न देवाचं नाव न घेता सुटू लागला. काही धर्मपंडितांनी उरलेल्या जागा धरून ठेवल्या: विज्ञानाला जे अजून कळलेलं नाही, तिथे देव. स्कॉटिश लेखक हेन्री ड्रमंड यांनी 1894 मध्येच या फटीतल्या देवावर टीका केली होती. फट बुजली, की देवाला आणखी मागे सरकावं लागतं.

आता दुसरा कैदी, डिट्रिश बोनहोफर. जर्मन पाद्री, हिटलरविरोधी कटात सामील, एप्रिल 1943 पासून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात. वडील मानसोपचारतज्ज्ञ, थोरला भाऊ वैज्ञानिक आणि अज्ञेयवादी. म्हणजे देवाचं नाव न घेणारी सज्जन माणसं त्यांनी घरातच पाहिली होती. 16 जुलै 1944 ला, हिटलरवरच्या बॉम्बहल्ल्याच्या चार दिवस आधी, त्यांनी मित्र एबरहार्ड बेटगे यांना पत्र लिहिलं. त्यात ग्रोशियसचा तोच विचार येतो, पण पुढे नेलेला. जग आता सज्ञान झालं आहे, असं ते म्हणतात. मूळ जर्मन शब्द कायद्यातला आहे, आपल्या 'सज्ञान'सारखाच, आणि कांटने 1784 च्या निबंधात प्रबोधनाची व्याख्या याच कल्पनेवर बांधली होती. बोनहोफर म्हणतात, सज्ञान माणसाला पुन्हा अज्ञान ठरवून धर्माकडे आणणं अप्रामाणिक आहे. देव नाही असं धरून जगणं, हेच देव आपल्याला शिकवतो आहे. देवाला माणसाच्या दुबळेपणाच्या कडेवर शोधू नका, आयुष्याच्या मध्यभागी शोधा.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. देवाविना कायदा उभा राहतो म्हणता, मग नाझी जर्मनीतला कायदा कशावर उभा होता? आक्षेप वजनदार आहे. पण त्याच जर्मन सैनिकांच्या पट्ट्याच्या बकलावर 'देव आमच्यासोबत' अशी अक्षरं होती, आणि चर्चमधला मोठा गट हिटलरच्या मागे गेला होता. देवाचं नाव घेतल्याने कायदा सुधारला नाही. उलट त्या कटात श्रद्धाळू आणि अश्रद्ध खांद्याला खांदा लावून होते. बोनहोफर यांना 9 एप्रिल 1945 ला फाशी दिली. त्यांचा एक भाऊ आणि दोन मेहुणेही मारले गेले.

आपल्याशी यांचा धागा जुना आहे. अहिंसक प्रतिकार शिकण्यासाठी बोनहोफर यांना गांधीजींकडे यायचं होतं, आणि 1934 मध्ये गांधीजींनी या म्हणून कळवलंही होतं. पण जर्मनीत पाद्र्यांचं प्रशिक्षण केंद्र चालवायची जबाबदारी आली आणि ते राहून गेलं.

आपल्याकडे अनेक धर्मांची माणसं एका संविधानाखाली राहतात. त्यातल्या श्रद्धाळूंना आम्हांला एवढंच विचारावंसं वाटतं: शेजाऱ्याला आपला देव मान्य नसताना, त्याच्याशी न्यायाने वागण्याचं कोणतं कारण आपण त्यालाही पटेल अशा भाषेत सांगू शकतो? ग्रोशियसने ते युद्धाच्या धामधुमीत शोधलं, बोनहोफर यांनी कोठडीत. आपल्याला तर निवांत वेळ आहे. प्रश्नोत्तरांत यावर बोलू.