सिंगर फेदरवेट २२१ : संग्रह, वापर आणि वस्तूची साक्ष

प्रस्तावना :

शिवणयंत्राचा इतिहास सामान्यतः शोधाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८४६ मध्ये इलियास हौ यांना मिळालेले पेटंट, १८५१ मध्ये आयझॅक मेरिट सिंगर यांनी बाजारात आणलेले सुधारित यंत्र, १८५६ पासून त्यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी रूढ केलेली हप्त्याने विक्री करण्याची पद्धत, हे त्यातील ठरलेले टप्पे होत. महात्मा गांधींनी १९२४ मध्ये यंत्रांविषयीच्या एका संवादात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले आणि पत्नीचे कष्ट पाहून व्यथित झालेल्या पतीचे प्रेम त्यामागे असल्याचे सांगितले. सिंगर यांच्या चरित्राशी ही कथा जुळत नाही. त्यांना या यंत्राकडे ओढून नेले ते नफ्याने. तथापि यंत्र कोणी शोधले यापेक्षा ते कोणाचे श्रम हलके करते, हा गांधीजींचा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी आहे. प्रस्तुत निबंधात याच अंगाने ‘सिंगर फेदरवेट २२१’ या सहज वाहून नेता येणाऱ्या यंत्राचा, आणि विशेषतः आज त्याचा संग्रह करणाऱ्यांच्या व्यवहाराचा विचार केला आहे.

यंत्राचे स्वरूप :

फेदरवेट प्रथम लोकांसमोर आले ते १९३३ मध्ये, शिकागो येथील ‘सेंच्युरी ऑफ प्रोग्रेस’ या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने. वाहून नेण्याची यंत्रे त्यापूर्वीही होती. परंतु त्यांचे अंग ओतीव लोखंडाचे असल्यामुळे लाकडी पेटीसह ते ओझे एका हाताने उचलणे कष्टाचेच होते. फेदरवेटचे अंग ॲल्युमिनियमचे असून वजन सुमारे ११ पौंड, म्हणजे जेमतेम ५ किलो भरते. शिवताना कापडाला आधार देणारी पाटी बिजागरीवर वर दुमडता येते, मोटर आणि दिवा यंत्राच्या अंगातच बसविलेले असतात, आणि सर्व साहित्यासह ते एका लहान काळ्या पेटीत मावते. स्वतंत्र टेबल नसलेल्या, एका खोलीच्या बिऱ्हाडात जेवणाच्या टेबलावर काम करून पेटी पुन्हा कपाटात ठेवता यावी, अशी ही योजना होती. महामंदीच्या काळात तिचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

हे यंत्र केवळ सरळ टीप घालते. नागमोडी टीप त्याला येत नाही. दांडी फिरवून उलटी टीप घालता येते, आणि चुण्या, दुमड किंवा काजे यांसाठी वेगळे जोड मिळतात. क्षमतेची ही मर्यादाच त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण ठरली. हलणारे भाग मोजके, ते उघडून पाहता येण्याजोगे, आणि नियमित तेल-ग्रीस मिळाले तर पिढ्यान्‌पिढ्या चालणारे.

न्यू जर्सीतील एलिझाबेथपोर्ट, स्कॉटलंडमधील क्लाइडबँक आणि कॅनडातील सेंट जॉन्स येथील कारखान्यांत ही यंत्रे बनली. यांपैकी क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना श्रमिकांच्या इतिहासातही महत्त्वाचा आहे; १९११ मध्ये तेथील सुमारे ११,००० कामगार संपावर गेले होते. पोकळ बाही किंवा पायघोळ ज्यावर चढवून शिवता येईल अशा मोकळ्या हाताचे २२२ के हे रूप १९५३ पासून याच कारखान्यात तयार झाले. १९६० च्या दशकात फिकट रंगाची, आखूड पाटीची यंत्रे आली आणि त्या दशकाच्या अखेरीस हा प्रकार बंद पडला. किलबोवी कारखाना १९८० मध्ये मिटला, एलिझाबेथपोर्टचा १९८२ मध्ये.

संग्रहाचा उदय :

लाखोंच्या संख्येने बनलेली वस्तू दुर्मीळ म्हणून जमविली जात नाही. मग फेदरवेट संग्राह्य का ठरले? याचे उत्तर क्विल्टच्या पुनरुज्जीवनात सापडते. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने अमेरिकन क्विल्ट अमूर्त चित्रांप्रमाणे भिंतीवर मांडले, आणि १९७६ च्या द्विशताब्दीने परंपरेच्या आस्थेत भर घातली. आपल्या गोधडीच्या कुळातलेच हे काम. फरक इतकाच की अमेरिकन क्विल्टमध्ये लहान तुकडे नेमक्या मापाने जोडून आकृती साधण्यावर फार भर असतो. त्यासाठी हवी असते ती एकसारखी सरळ टीप, आणि वर्गाला किंवा मंडळाच्या बैठकीला नेता येईल असे हलके यंत्र. फेदरवेटमध्ये दोन्ही होते. गरजेपोटी शिवणाऱ्या स्त्रीने अडगळीत टाकलेले यंत्र हौसेने शिवणाऱ्या तिच्या मुलीने अशा रीतीने पुन्हा बाहेर काढले. नॅन्सी जॉन्सन-स्रेब्रो यांचे या यंत्रावरील पुस्तक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले, तोपर्यंत त्याचा स्वतंत्र बाजारही उभा राहिला होता.

कालनिर्णय आणि झीज :

संग्राहकाचा पहिला प्रश्न यंत्राच्या वयाचा असतो. पाटीच्या खालच्या बाजूस कोरलेला अनुक्रमांक पाहून तो सोडविला जातो. ‘ए’ने आरंभ होणारा क्रमांक एलिझाबेथपोर्टचा, ‘ई’ने आरंभ होणारा क्लाइडबँकचा, ‘जे’ने आरंभ होणारा कॅनडाचा. मात्र कंपनीच्या नोंदींतील दिनांक हा क्रमांकांचा गट त्या प्रकारासाठी नेमून दिल्याचा दिनांक आहे. यंत्र प्रत्यक्ष जोडले गेले ते त्यानंतर, कधी बऱ्याच काळाने. त्यामुळेच १९५१ च्या शताब्दीचे निळ्या काठाचे पदक त्याआधीच्या वर्षी क्रमांक दिलेल्या यंत्रांवरही आढळते. जन्मतारीख सांगावी तशी या यंत्राची तारीख सांगणारे विक्रेते नोंदीला नसलेला अर्थ चिकटवितात. दानपत्राची तिथी आणि प्रत्यक्ष दानाचा काळ यांत फरक करणाऱ्या इतिहासकाराला ही चूक तत्काळ ओळखता यावी.

अधिक गंभीर प्रश्न किमतीचा आहे. प्रदर्शनाचे पदक असलेले किंवा जवळजवळ न वापरलेले यंत्र सर्वांत महाग विकले जाते. पाटीच्या पुढच्या काठावरची सोनेरी नक्षी पुसली गेली असेल तर मोल उतरते. परंतु ती नक्षी पुसली गेली ती कापड आणि मनगट वर्षानुवर्षे घासल्यामुळे. ज्या स्त्रियांनी रोजनिशी लिहिली नाही, ज्यांच्या श्रमाची वेतनपत्रकात नोंद नाही, त्यांच्या कामाचा तो जवळजवळ एकमेव लेख आहे. बाजार नेमका तोच दोष मानतो, आणि नवा रंग व नवी नक्षी चढवून तो दोष ‘दुरुस्त’ करतो.

पेटीचेही तसेच. आतला खण उघडला की मूळ पुस्तिका, बॉबिनवर उरलेला दोरा, सुट्या गुंड्या, एखादे बिल असे काही ना काही निघते. विक्रेते हे सुटे करून वेगवेगळे विकतात. उत्खननात थर न नोंदता मडकी उचलावीत, तसाच हा प्रकार.

याउलट, शिवण्यासाठी यंत्र घेणारी व्यक्ती झिजलेल्या नक्षीला बिचकत नाही. ती हातचाक फिरवून यंत्र मोकळे फिरते का हे पाहते, तळाच्या झाकणातील तेलाने भिजलेले नमद्याचे अस्तर बदलते, हुकात अडकलेले दोऱ्याचे तुकडे चिमट्याने काढते. बॉबिन-केसच्या बैठकीची खाच नेमक्या जागी बसली नाही तर यंत्र अडते, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. वस्तू वापरात राहिली की तिच्याविषयीचे हातातले ज्ञानही टिकते. काचेमागे ते टिकत नाही. क्लाइडबँकच्या संग्रहालयात कंपनीचा मोठा यंत्रसंग्रह जतन झाला आहे आणि त्याची आवश्यकता वादातीत आहे, परंतु यंत्र चालविणे हा त्याचा हेतू नव्हे.

वापराची बाजू मात्र निष्कलंक नाही. जुन्या वायरीवरचे रबर कडक होऊन तडकते, आणि तशा स्थितीत मोटर चालविणे धोक्याचे असते. ती बदलावीच लागते. अमेरिकेतून भारतात आणलेले यंत्र ११० व्होल्टचे असल्याने त्याला ट्रान्सफॉर्मर लावणे भाग पडते. अशा वेळी काही काळजीवाहू दुरुस्तीकार एक साधी गोष्ट करतात : काढलेली वायर, जुना पट्टा आणि नमद्याचा तुकडा दिनांकासह पाकिटात घालून ते पाकीट पेटीच्या खणात ठेवतात.