एसजीपीटी वाढलंय, तज्ज्ञांची तारीख लांब आहे: तोवर काय कराल?

एसजीओटी-एसजीपीटी वाढले म्हणजे यकृत निकामी झाले असे नाही. यकृताच्या पेशींना इजा होते आहे, एवढेच हे आकडे सांगतात. कारण सांगत नाहीत. यकृतातील चरबी, दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी आणि औषधे ही नेहमीची कारणे.

नारायणगावहून पुण्याच्या तज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत:

• दारू पूर्ण बंद ठेवा.
• काविळीचे झाडपाल्याचे औषध, काढे घेऊ नका. मुंबईत 2020 मध्ये गुळवेल घेणाऱ्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद 2021 मध्ये प्रसिद्ध झाली.
• नुसत्या उसाच्या रसावर राहू नका. घरचे साधे जेवण घ्या.
• क्षयरोगासह सर्व चालू औषधे लगेच तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मनाने बंद करू नका, वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका.
• द्राक्ष-टोमॅटोवर फवारणी करत असाल तर तेही सांगा.
• जुने रिपोर्ट, औषधांची पाकिटे सोबत न्या.

डोळे पिवळे, लघवी गडद, सतत उलट्या, पोट फुगणे, काळी शौच, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.