नियामकाच्या आराखड्यातील ‘मी’ आणि ‘आम्ही’

शासकीय नियोजनाच्या दस्तऐवजांकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. उद्दिष्टे आणि मुदती यांनी भरलेल्या या लेखनात निवेदक शोधावा, असे वरकरणी वाटतही नाही. तथापि इंग्लंडमधील सामाजिक परिचर्या सेवांच्या (वृद्धाश्रम, अपंग व्यक्तींची निवासगृहे, घरपोच शुश्रूषा इत्यादींच्या) नियमनाचा इतिहास पाहता, ‘कोण बोलते आणि कोण ऐकते’ हाच तेथील नियोजनाचा कळीचा प्रश्न ठरल्याचे दिसून येते.

पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाचा ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ संस्थांना भेटी दिल्या होत्या. १९४८ च्या कायद्यानंतरही अनेक वृद्ध जुन्या वर्कहाउसच्याच इमारतींत राहत होते. टाउनसेंड यांच्या ग्रंथात या निवासींचे बोलणे आले. पण ते अभ्यासकाने टिपलेले, अभ्यासकाच्या विवेचनात बसवलेले होते.

देशव्यापी नियामक येण्यास आणखी चार दशके लागली. २००० च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय परिचर्या मानक आयोगाचे काम एप्रिल २००२ मध्ये सुरू झाले आणि त्याच महिन्यात त्याच्या जागी नवी संस्था आणण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला. २००४ मध्ये दुसरा आयोग आला, २००९ मध्ये तिसरा, म्हणजे आजचा केअर क्वालिटी कमिशन. सात वर्षांत तीन संस्था! दीर्घ पल्ल्याचे नियोजन करावयाचे, तर नियोजन करणाऱ्याचे स्वतःचे आयुष्य तरी तेवढे हवे, ही साधी अटही येथे पाळली गेली नाही.

२०११ मधील विंटरबर्न व्ह्यू प्रकरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. ब्रिस्टलजवळच्या या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांचा छळ होत होता. रुग्णांपैकी अनेकांना तक्रार मांडणे कठीण होते. परंतु तेथे काम केलेल्या एका परिचारकाने आयोगाला लेखी कळविले होते. त्याच्या पत्राची दखल घेतली गेली नाही. बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण ३१ मे २०११ रोजी प्रसारित झाले, तेव्हा सारे उघडकीस आले. मजकूर उपलब्ध होता; त्याला वाचक मिळाला नव्हता.

याच सुमारास सेवा घेणाऱ्यांच्या सहभागातून एक वेगळी वाक्यरचना पुढे आली. २०१२ च्या ‘मेकिंग इट रिअल’ या उपक्रमात चांगल्या सेवेचे वर्णन प्रथमपुरुषी एकवचनात केलेले होते: मला कसे जगता यावे, माझ्याशी कसे वागले जावे. ही मागणीची भाषा होती. आयोगाने २०२१ च्या आपल्या आराखड्यात लोकांच्या अनुभवाला अग्रस्थान दिले आणि नोव्हेंबर २०२३ पासून लागू होऊ लागलेल्या मूल्यमापन-चौकटीत ही ‘मी’ची वाक्ये समाविष्ट केली. त्यांच्या जोडीला ‘आम्ही’ची ३४ गुणवत्ता-विधाने आली. मागणी तेथे निकष बनली.

या ‘आम्ही’पाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. आराखड्यात इंग्रजी ‘वुई’ म्हणजे स्वतः आयोग. गुणवत्ता-विधानांत तोच शब्द सेवा देणाऱ्या संस्थांचा. तपासणारा आणि ज्याची तपासणी व्हावयाची तो, दोघेही एकाच सर्वनामाने बोलतात. मराठीत अनुवाद करू जाता दोन्ही ठिकाणी ‘आम्ही’ असेच लिहावे लागेल. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ कोठेही बसत नाही. वृद्धाश्रमातील निवासी त्या बहुवचनाबाहेरच राहतो. इंग्रजीत ही सीमारेषा दिसत नाही, मराठी व्याकरण ती उघड करते.

ठरावीक काळाने होणाऱ्या तपासण्यांवरील भिस्त कमी करून माहितीसाठ्यावर अधिक विसंबण्याचे २०२१ च्या आराखड्यात योजिले होते. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे नेहमीच्या तपासण्या स्थगित झाल्या होत्या, हेही ध्यानात घ्यावयास हवे. तरीही २०२४ मध्ये डॉ. पेनी डॅश यांनी केलेल्या समीक्षेत आढळले, की तपासण्यांची संख्या महासाथीपूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आली होती आणि आयोगाच्या कक्षेतील दर पाच ठिकाणांपैकी एकाला कधीच श्रेणी मिळालेली नव्हती. ‘चांगली’ किंवा ‘उत्कृष्ट’ सेवा प्रत्यक्षात कशी असते, याचे पुरेसे वर्णन नव्या चौकटीत नसल्याचेही त्या अहवालाने नोंदविले.