सातबाऱ्यावर नसलेली मोठी माय

आज पाऊसपाण्याची नोंद नाही. आमची आजी गेल्या महिन्यात गेली, नव्वदीला टेकली होती. सगळं गाव तिला मोठी मायच म्हणायचं. तिच्याबरोबर आमच्या शेताचा बराच इतिहास गेला, जेवढा ध्यानात आहे तेवढा लिहून ठेवतोय.

माहेर मुखेडकडचं, सासर उदगीर तालुक्यातलं. ती लग्न होऊन आली तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात होतं, राज्य हैदराबाद. 1956 ला उस्मानाबाद जिल्हा नि मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र, 1982 ला लातूर जिल्हा. मायनं घर बदललं नाही, पण तीन जिल्हे नि तीन राज्यं बघितली. जमिनीच्या एकाही कागदावर मात्र तिचं नाव कधी आलं नाही.

सप्टेंबर 1948 ला पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची. त्याआधीच्या निजामी लेव्हीचं नि रझाकाराचं सांगताना तिच्या बोलण्यात पहिल्यांदा पेवच यायचं. माहेरच्या वाड्यात पेवाच्या तोंडावर माती-शेण सारवून वर जनावरं बांधायचे म्हणे, कुणाला पत्ता लागू नये म्हणून.

नव्या पोरांसाठी सांगतो. पेव म्हणजे गावठाणातल्या कडक पांढरीत खोदलेला खड्डा. तळाला नि कडेला कडबा लावायचा, आत ज्वारी भरायची, वरून भुसा नि माती घालून तोंड बंद. आतला दाणा श्वास घेतो, हवेतला ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, मग किडा जगत नाही. आज हवाबंद पिशव्या विकतात, त्यांचं तत्त्व हेच. पण तोच वायू माणसालाही मारतो. म्हणून पेव उघडून ठेवायचं नि उतरायच्या आधी पेटता कंदील सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. कडेची ज्वारी ओल लागून वासट व्हायची, ती जनावराला. आणि पेवातलं धान्य बियाला कधीच नाही, उगवण घटते. बी वेगळं, गाडग्यात, राख नि लिंबाचा पाला घालून. ते खातं पूर्ण मायचं. कणसं उभ्या पिकात तीच निवडायची, आजोबांना त्यात बोलायची सोय नव्हती.

ही ज्वारी म्हणजे खरिपाची पिवळी. उंच धाट, कडबा भरपूर, मधी तुरीचं पाटं. 1964 ला सीएसएच-1 आली, तिला सगळे नुसतं हायब्रीडच म्हणायचे. उतारा भारी, ते नाकारून चालणार नाही. पण कडबा बुटका, नि पावसात सापडली की कणीस काळं. 1972 च्या दुष्काळात माय खडी फोडायला गेली, सुकडी खाल्ली, बाहेरदेशची तांबडी मिलो दळली. बियाचं गाडगं तेवढं वाचवलं. पुढं सोयाबीन आलं नि ज्वारी बांधाला गेली. तिचं म्हणणं, “पोत्यात आलं न् पोत्यातच गेलं, घरात खायाला काय राहिलं?” सोयाबीननं आमचं कर्ज फिटलं हे खरं, पण तिच्या प्रश्नाला घरात कुणी उत्तर दिलं नाही.

आता नावाचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 ला चांदवडला महिलांचं अधिवेशन घेतलं, पुढं लक्ष्मीमुक्ती चालवली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. 1992 ला सरकारनंही नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायचं परिपत्रक काढलं. आमचे आजोबा लाल बिल्ला लावून सभांना जायचे, सातबारा मात्र तसाच. ते गेल्यावर वारसात मायचं नाव लागत होतं. “पोरायचं करा,” म्हणून तिनं हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. म्हणून आता ती गेली तरी फेरफार नाही. कमी करायला नावच नाही.

तिच्या गाडग्यात दोनेक किलो पिवळी निघाली. 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघितले, 71 उगवले. दहा गुंठ्याला किलोभर लागतं, उगवण कमी म्हणून सव्वा किलो धरतोय. मिरगात तुरीच्या पाट्यासोबत पेरणार, हायब्रीडपासून लांब, नाहीतर परागीकरणात बी मिसळतं. बाकीचं परत गाडग्यात. मुखेड, कंधार, अहमदपूर भागात कुणाच्या घरी जुनी पिवळी असेल तर कळवा, पायलीभर अदलाबदल करू.